बिल्डर दर तीन महिन्यांनी हिशोब देतो, मग डीपीचा हिशोब कोण देणार?

महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या साईटवर जाऊन कुठल्याही नवीन स्कीमचं नाव टाका. किती मजले झाले, किती फ्लॅट बुक झाले, ताबा कधीचा सांगितलाय, प्लॅनमध्ये काय बदल केले, सगळं तिथे दिसतं. बिल्डरला दर तीन महिन्यांनी ही माहिती भरावीच लागते, आणि 2023 मध्ये ज्यांनी भरली नाही अशा शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने थेट स्थगित केली होती, म्हणजे जाहिरात बंद, विक्री बंद, बँक खातं गोठवलं. मे 2017 पासून यामागचा रेरा कायदा नीट लागू झाला आणि फ्लॅट घेणाऱ्या साध्या माणसाच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलं, हे मी मनापासून म्हणतोय.

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट बघा. जानेवारी 2017 मध्ये राज्य सरकारने पुण्याच्या जुन्या हद्दीचा डीपी मंजूर केला. डीपी म्हणजे विकास आराखडा, शहराने वीस वर्षांसाठी आपल्याला दिलेला शब्द. इथे शाळा होईल, इथे दवाखाना, इथे मैदान, इथे भाजी मंडई, हा रस्ता 24 मीटर होईल, ही जमीन गरिबांच्या घरांसाठी. बिल्डरच्या एका बिल्डिंगचा हिशोब आपण तिमाहीला मागतो आणि अख्ख्या शहराच्या या शब्दाचा हिशोब वर्षातून एकदासुद्धा कुणी आपल्यासमोर ठेवत नाही. किती आरक्षणं, म्हणजे अशा कामांसाठी राखलेल्या जमिनी, ताब्यात आली, कितींवर बांधकाम झालं, किती वगळली, कुठली कोर्टात अडकली, हे एका जागी, माझ्यासारख्याला समजेल अशा भाषेत मला तरी कुठे सापडलेलं नाही. आरटीआय टाकून तुकड्या तुकड्याने मिळतं, एखादा पत्रकार मेहनत घेऊन बातमी करतो तेव्हा कळतं, आणि मग पुन्हा शांतता.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे 2027. यात एक कायद्याची गोष्ट दडलीये जी फार लोकांना माहीतच नाही आणि ती माहीत असणं खूप गरजेचं आहे असं मला वाटतं.

आपल्याकडे नियोजनाचा सगळा कारभार चालतो 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यावर, सगळे एमआरटीपी म्हणतात तो. त्यात कलम 127 आहे. डीपी अमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेने आरक्षणाची जमीन घेतली नाही, तर जमीनमालक पालिकेला नोटीस देऊ शकतो की बाबांनो घ्या, नाहीतर सोडा. पूर्वी या नोटिशीनंतर पालिकेला सहा महिने मिळायचे, मग बारा झाले, आता 24 आहेत. त्या मुदतीत भूसंपादनाची खरी कारवाई सुरू झाली नाही तर आरक्षण आपोआप संपतं. नुसतं पत्र पाठवलं, ठराव केला, फाईल पुढे सरकवली, एवढ्याने चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने गिरनार ट्रेडर्सच्या निकालात 2007 सालीच सांगून ठेवलंय. मालकाच्या बाजूने बघितलं तर हे योग्यच आहे. कुणाची जमीन वीस-तीस वर्षं अडकवून ठेवायची, पैसेही द्यायचे नाहीत आणि त्याला काही करूही द्यायचं नाही, हा अन्याय आहे. पण 2017 मध्ये दहा मिळवा. 2027 उजाडलं की जुन्या पुण्यातल्या न घेतलेल्या आरक्षणांवर अशा नोटिसा यायला सुरुवात होऊ शकते, आणि ज्या जमिनीची किंमत सगळ्यात जास्त तिच्यावर सगळ्यात आधी येईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मैदानासाठी, शाळेसाठी, उद्यानासाठी राखलेली जमीन एकदा गेली की त्या वस्तीत पुन्हा तेवढी मोकळी जागा शोधूनही मिळणार नाही.

बरं, हा डीपी जन्मालाच उशिरा आला. आधीचा 1987 चा. तो वीस वर्षांनी म्हणजे 2007 ला बदलायचा होता, म्हणून नव्याचं नाव 2007 ते 2027. पालिकेने मसुदा प्रसिद्ध केला 2013 मध्ये, त्यावर ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या. विचार करा, ऐंशी हजार! कुणाच्या घरावरून रस्ता, कुणाच्या जमिनीवर आरक्षण, कुठे टेकडीचा प्रश्न. मग 2015 मध्ये राज्य सरकारने डीपी पालिकेच्या हातातून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली, तिने बरीच आरक्षणं कमी केली, आणि शेवटी 2017 ला मंजुरी. वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षं आराखडा करण्यातच गेली. उरलेल्या दहात काय काय झालं तेच तर मी विचारतोय.

पालिकेला दोष द्यायचाच म्हणून मी हे लिहीत नाहीये. अडचणी खऱ्या आहेत आणि मोठ्या आहेत. 2013 चा नवीन भूसंपादन कायदा आल्यापासून शहरात जमीन घ्यायची म्हणजे बाजारभाव आणि त्यावर तेवढंच दिलासा रक्कम म्हणून, साधारण दुप्पट. पुण्यातले जमिनीचे भाव बघता एक मोठं मैदान रोख पैशात घ्यायचं तर एका प्रभागाचं बजेट त्यातच संपेल. म्हणून पालिका म्हणते रोख नको, टीडीआर घ्या. म्हणजे जमिनीच्या बदल्यात बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो, तो दुसरीकडे वापरा किंवा विका. पण टीडीआरला बाजारात भाव असेल तरच मालक तयार होतो, भाव पडले की तो म्हणतो मला पैसे द्या. तिसरा रस्ता म्हणजे मालकानेच आरक्षणातली शाळा किंवा दवाखाना बांधून पालिकेला द्यायचा आणि बाकी जागेत स्वतःचं बांधकाम करायचं. हे काही ठिकाणी छान जमलंय. मग कुठल्या आरक्षणावर यापैकी कुठला रस्ता धरलाय, पैसे किती लागणार, यंदाच्या बजेटमध्ये किती ठेवलेत, हे लिहून टाकायला काय हरकत आहे? सगळं जमणार नाही हे लोकांनाही कळतं हो. आधी कुठली पन्नास आरक्षणं घेणार तेवढं सांगा, बाकीच्यांबद्दल बोलू.

आता जुन्या हद्दीच्या बाहेर येऊ, कारण मी राहतो सिंहगड रोडकडे, 2017 मध्ये पालिकेत आलेल्या 11 गावांपैकी एकात. इथली परिस्थिती त्याहून अवघड आहे. जुन्या शहरात निदान मंजूर डीपी आहे.

गावं घेण्याचा इतिहासच असा आहे की वाचताना दमायला होतं. 1997 मध्ये 38 गावं पालिकेत घेतली, 2001 मध्ये त्यातली 15 परत बाहेर काढली, राहिली 23. त्यांच्या डीपीत टेकड्यांवर बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, त्यावर वर्षानुवर्षं भांडणं, मोबदला किती द्यायचा, 8 टक्के टीडीआर पुरतो का वगैरे, ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. मग ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं आली. मग 30 जून 2021 ला आणखी 23 गावं आली आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. पेपरात मोठ्या अक्षरात छापून आलं होतं. पण त्या 23 गावांचं नियोजन आणि बांधकाम परवानगी दिली पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि रस्ते, पाणी, कचरा, टॅक्स पालिकेकडे. परवानगी देणारा एक आणि नळ द्यायचा दुसऱ्याने. अशा व्यवस्थेत माणसं चांगली असली तरी काम नीट होऊ शकत नाही, कारण ज्याने शंभर फ्लॅटला हो म्हटलं त्याला त्या शंभर फ्लॅटच्या पाण्याचं उत्तर द्यावं लागत नाही.

पीएमआरडीएची गोष्ट तर त्याहून लांब. 2015 मध्ये स्थापना, जवळपास सात हजार चौरस किलोमीटरचा भाग, आठशेच्या वर गावं. 2021 मध्ये मसुदा डीपी जाहीर केला, साठ हजारांच्या वर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, शेतकरी लांबून लांबून कागद घेऊन आले, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि शेवटी सरकारने तो मसुदाच रद्द केला. इतक्या वर्षांचं काम, सर्व्हे, नकाशे, लोकांचे हेलपाटे. आणि रद्द झाल्यावर लागू काय राहिलं? 1997 ची प्रादेशिक योजना. ती केली तेव्हा हिंजवडीत आयटी पार्क नावापुरतं होतं, वाघोलीत शेती होती. आज त्याच नकाशावर शेती झोन की निवासी झोन हे ठरतं आणि त्यावर वीस मजली बिल्डिंगा उभ्या राहतात.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं तर वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं. अख्ख्या पुण्याचा कचरा या दोन गावांनी कित्येक वर्षं सोसला. 2017 ला पालिकेत आली. पालिकेने तिथे टीपी स्कीम आखल्या, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, शाळा, मैदानं आधी काढायची आणि मग प्रत्येकाला नीट चौकोनी प्लॉट परत द्यायचा. चांगली कल्पना, त्यावर कामही बरंच झालं. आणि मग गावांनी टॅक्स जास्त, सोयी कमी म्हणून बाहेर पडायची मागणी केली, 2022 च्या शेवटी सरकारने मान्य केली आणि 2024 मध्ये दोन्ही गावांची वेगळी नगरपरिषद झाली. गावकऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण आराखडा करणारी संस्थाच मध्येच बदलली की आराखड्याचं काय होतं, याचा विचार गावं आत घेताना आणि बाहेर काढताना कुणी केला होता का?

आराखडा नसण्याची किंमत काय असते ते आमच्या भागाने जानेवारी 2025 मध्ये बघितलं. जीबीएस, गिया-बारे सिंड्रोम. नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी, खडकवासला, आंबेगाव, सगळी नव्याने पालिकेत आलेली गावं. एकाएकी माणसांच्या हातापायातली ताकद जायला लागली, लोक व्हेंटिलेटरवर गेले, काही गेले. पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. संशय पाण्यावर होता, कारण या भागात शुद्धीकरण प्रकल्पातून आलेलं पाणी सगळीकडे पोचतच नव्हतं, विहिरीचं पाणी नुसतं ब्लीचिंग टाकून पुरवलं जायचं, आणि बाकीचे टँकर. खडकवासला धरण इथून नजरेच्या टप्प्यात आहे. त्या दिवसांत घराघरात पाणी उकळायची भांडी गॅसवरून उतरत नव्हती, आणि सगळे एकमेकांना विचारत होते की तुमच्याकडे पाणी कुठून येतं, जे खरं तर इथे फ्लॅट घ्यायच्या आधी विचारायला हवं होतं आणि फ्लॅटला परवानगी द्यायच्या आधी तर नक्कीच. परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतात की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय तो करेल. सोसायटी ताब्यात आली की बिल्डर पुढच्या साईटवर जातो आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. कितीतरी सोसायट्यांत महिन्याचा सगळ्यात मोठा खर्च टँकरचाच असतो.

लोक म्हणतात लँड यूज प्लॅनिंग हा आर्किटेक्ट लोकांचा विषय आहे. नाही हो, हा पिण्याच्या पाण्याचा विषय आहे. जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत रात्रीत घरांत पाणी शिरलं, तो पण हाच विषय. मे 2025 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधकामबंदीच्या हद्दीच्या, आत बांधलेले 36 बंगले कोर्टाच्या आदेशाने पाडले, तो पण हाच. ते बंगले बांधणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती. नदीकाठी प्लॉटिंग होत होतं, रस्ते पडत होते, वीज येत होती, तेव्हा थांबवलं असतं तर एवढं नुकसान झालंच नसतं.

आता घरांचं बघू, कारण डीपी आणि घरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण समजतो आणि तिथेच गडबड होते.

घरांची टार्गेट्स काही कमी नाहीत. जून 2015 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली, 2022 पर्यंत सर्वांना घर. ती मुदत पुढे डिसेंबर 2024 पर्यंत गेली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये शहरी योजनेचा दुसरा टप्पा, एक कोटी कुटुंबांसाठी. मे 2025 मध्ये राज्याचं नवीन गृहनिर्माण धोरण मंजूर झालं, 'माझे घर, माझे अधिकार', 2030 पर्यंत 35 लाख घरं. 2007 नंतर पहिल्यांदाच राज्याने असं धोरण केलं आणि ते केलं हे चांगलंच झालं. पण 35 लाखांपैकी पुण्याच्या वाट्याला किती, त्यातली आर्थिक दुर्बल घटकांसाठी किती, अल्प उत्पन्न गटासाठी किती, आणि ती घरं डीपीतल्या कुठल्या जमिनीवर? हा शेवटचा प्रश्न आला की सगळं अडतं. घर हवेत बांधता येत नाही, त्याला सर्व्हे नंबर लागतो.

पुणे पालिकेने आवास योजनेत हडपसर, खराडी आणि वडगाव खुर्दला स्वतःचे प्रकल्प केले. ते शक्य झालं कारण तिथे जागा हातात होत्या. म्हणजे कधीतरी कुणीतरी आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी जागा राखली, ती ताब्यात घेतली, आणि म्हणून वर्षांनी तिथे 30 चौरस मीटर कार्पेटची का होईना पण पक्की घरं उभी राहिली. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी लाभार्थ्याचे. आरक्षण ताब्यात घेण्याचं महत्त्व यापेक्षा स्पष्ट मला सांगता येणार नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी अशाच एका योजनेत अर्ज करायचं ठरवलं होतं. नवरा रिक्षा चालवतो, दोन मुलं शाळेत, भाड्याची एक खोली, दर 11 महिन्यांनी भाडं वाढतं. कागदपत्रं सगळी जमवली. अडलं ते कर्जाशी. पगाराची स्लिप नाही, आयटी रिटर्न नाही, रोख मिळकत. बँकवाले म्हणाले उत्पन्नाचा पुरावा आणा. ज्यांच्यासाठी योजना काढली त्यांच्याकडे नेमका तोच कागद नसतो. शेवटी त्या लोकांनी गावाबाहेर एक गुंठा घ्यायचं ठरवलं, अर्ध्या पैशावर, स्टॅम्प पेपरवर लिहून. मी खूप समजावलं, झोन बघा, सातबारा बघा. त्या म्हणाल्या, "दादा, झोन बघून कुणी मला घर देणारे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवरची वस्ती, अशी तयार होते. ती कुणाची हौस नसते. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा झाला, 2021 मध्ये त्याची तारीख डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली, 2025 मध्ये एक गुंठ्यापर्यंत तुकडेबंदीतून, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला असलेल्या बंदीतून, सूट द्यायचा निर्णय झाला. लाखो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्याने जाईल आणि मला त्याचा आनंदच आहे. पण दर काही वर्षांनी आधीची अनियमित घरं नियमित करायची आणि नवीन घरांसाठी नियमित जमीनच उपलब्ध करायची नाही, असं किती दिवस चालणार? नियमित केल्यावर त्या गल्लीत ॲम्ब्युलन्स जाईल एवढा रस्ता कुठून आणणार? शाळा कुठे बांधणार?

एक नियम आपल्याकडे खूप चांगला आहे आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. 2013 पासून, मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर म्हणजे साधारण एक एकर किंवा त्यापेक्षा मोठ्या प्लॉटवर स्कीम करायची तर 20 टक्के वाटा छोट्या घरांसाठी ठेवावा लागतो. ती घरं म्हाडाच्या लॉटरीतून जातात. पुणे मंडळाच्या लॉटरीत '20 टक्के सर्वसमावेशक' म्हणून जी घरं दिसतात ती हीच, आणि त्यात कधी कधी इतक्या चांगल्या भागात घर मिळतं की बाजारभावाने त्या माणसाने स्वप्नातही घेतलं नसतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गरिबाचं घर शहराबाहेर न टाकता त्याच वस्तीत, त्याच बस स्टॉपजवळ येतं. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत घरांबाबत झालेला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. पण किती परवानग्यांना हा नियम लागू झाला, किती घरं त्यातून यायला हवी होती, किती खरंच म्हाडाकडे आली, याचा तक्ता पालिका लावत नाही. नाशिकमध्ये 2022 मध्ये हे विधिमंडळात गाजलं होतं. प्लॉटचे तुकडे करून प्रत्येक तुकडा चार हजारांच्या खाली दाखवला असा आरोप होता. परवानग्यांची यादी दरवर्षी उघड असती तर एवढं व्हायची वेळच आली नसती, कुणीही नकाशा बघून विचारलं असतं की शेजारी शेजारी हे दोन प्लॉट एकाच मालकाचे कसे.

टीपी स्कीमबद्दल थोडं. मला स्वतःला वाटतं गावांसाठी हाच सगळ्यात न्याय्य मार्ग आहे, कारण डीपीच्या आरक्षणात ज्याच्या जमिनीवर मैदान पडलं त्याचंच सगळं जातं आणि शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव मात्र मैदानामुळे वाढतो. टीपीत सगळे थोडं थोडं देतात, साधारण निम्मी जमीन परत मिळते पण रस्त्याला लागून, विकसित. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, मुंबई इलाख्यात 1915 च्या कायद्याने ती आली. पुण्याच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी स्वतः जमिनी एकत्र करून अख्खं नगर उभं केलं ते सगळ्यांना माहितीये. तरी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवडला चिखली आणि चऱ्होलीच्या टीपी स्कीम शेतकऱ्यांच्या विरोधामुळे मागे घ्याव्या लागल्या. का? कारण आधी घेतलेल्या जमिनींचं काय झालं हे लोकांनी बघितलंय. निम्मी परत देऊ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तर आधीच्या निम्म्याचा हिशोब दिसायला हवा. त्याच शहराच्या नवीन डीपीवर 2025 मध्ये जवळपास पन्नास हजार हरकती आल्या. मोशीतलं कत्तलखान्याचं आरक्षण वारकऱ्यांच्या विरोधानंतर मुख्यमंत्र्यांनी रद्द करायला लावलं, आळंदीच्या जवळ ते नकोच होतं, योग्य झालं. बाकी हजारो हरकतींना तसाच कान मिळावा एवढीच इच्छा आहे.

मी जो वार्षिक हिशोब म्हणतोय तो काही आकाशातून आणलेला नाही. पर्यावरण सद्यस्थिती अहवाल पालिका दरवर्षी काढतेच, तो कायद्यानेच काढावा लागतो. तसाच डीपीचा काढायचा. माझा एक मित्र बरीच वर्षं कॅलिफोर्नियात आहे, त्याच्याकडून कळलं आणि मग मी वाचलं, की तिथे प्रत्येक शहराला राज्य सरकार आठेक वर्षांसाठी घरांचं टार्गेट देतं, तेही उत्पन्न गटानुसार फोडून, आणि प्रत्येक शहराला दरवर्षी 1 एप्रिलपर्यंत लेखी अहवाल द्यावा लागतो की किती घरांना परवानगी दिली, किती पूर्ण झाली, कुठल्या गटासाठी. तो अहवाल सगळ्यांना बघता येतो. टार्गेटच्या मागे पडलं तर काही प्रकारचे स्वस्त घरांचे प्रकल्प शहराला अडवता येत नाहीत. तिथेही घरं प्रचंड महाग आहेत, श्रीमंतांची घरं टार्गेटपेक्षा जास्त होतात आणि गरिबांची मागे राहतात, तो मित्रच सांगतो. पण मागे राहिली हे आकड्यात दिसतं तरी. आपल्याकडे ते दिसतच नाही त्यामुळे भांडायचं कशावर हेच कळत नाही.

आपल्या पालिकेत मार्च 2022 पासून नगरसेवकच नव्हते, जवळपास चार वर्षं प्रशासक. म्हणजे या दहा वर्षांतली चार वर्षं सभागृहात प्रश्न विचारणारंच कुणी नव्हतं. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली, आता लोक निवडून आलेत. प्रचारात सगळ्यांनी पाणी, रस्ते, घरं म्हटलंय. मला वाटतं त्यांना धरायची हीच वेळ आहे, 2027 च्या आधी.

तुमच्यापैकी कुणाला काही करायचं असेल तर सुरुवात घरापासून करा. तुमच्या भागाचा डीपीचा नकाशा पालिकेच्या साईटवर मिळतो, त्यात आपला सर्व्हे नंबर शोधा, आजूबाजूला हिरवे, पिवळे, लाल तुकडे दिसतील त्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि मग संध्याकाळी चालायला जाताना प्रत्यक्ष तिथे काय आहे ते बघा. फोटो काढा. जागा घेणार असाल तर आधी झोन दाखला घ्या, पूररेषा बघा. सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आणि नगरसेवकाला तोंडी सांगू नका, लेखी द्या, म्हणजे त्यांना मुख्य सभेत लेखी प्रश्न म्हणून मांडता येतो आणि प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं. मी या आठवड्यात देतोय तो मजकूर खाली टाकतो, प्रभाग बदलून जसाच्या तसा वापरा:

"आमच्या प्रभागात मंजूर विकास आराखड्यातील एकूण आरक्षणे किती, त्यापैकी आजपर्यंत ताब्यात आलेली किती व विकसित झालेली किती, प्रत्येक आरक्षणाचा सर्व्हे नंबर व सद्यस्थिती काय. जानेवारी 2027 नंतर कलम 127 खाली नोटीस येऊ शकेल अशी आरक्षणे कोणती व त्यांच्या संपादनासाठी चालू अंदाजपत्रकात किती तरतूद आहे. आमच्या प्रभागात 2013 पासून चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या किती भूखंडांवर बांधकाम परवानगी दिली, त्यातून 20 टक्के योजनेखाली किती घरे अपेक्षित होती व किती म्हाडाकडे वर्ग झाली. नव्याने समाविष्ट गावांचा विकास आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे व तो मंजूर होईपर्यंत नवीन परवानग्यांसाठी पिण्याचे पाणी कोणत्या स्रोतातून देणार. वरील माहिती दरवर्षी प्रसिद्ध करण्याचा प्रस्ताव मुख्य सभेपुढे कधी आणणार."